कर्नाळ्याच्या वाटेवर माशांची नावं

कुकरला डाळ लावली होती, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला होता आणि मी गॅलरीतल्या वरच्या दांडीवर काठीने साडी सरकवत होते. तेवढ्यात जबडा दुखायला लागला, दरदरून घाम फुटला. तो हार्ट अटॅक होता. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान त्यानेच गेले. मला वाटलं, आता माझी पाळी.

पण मी वाचले, स्टेंट बसला. पुढे डॉक्टरांनी दवाखान्यातल्या फिरत्या पट्ट्यावर चालवून बघितलं आणि म्हणाले, "रोज चाला. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढंच बघा." पण छातीत जरा धडधडलं की मी खाली बसायचे. आठ महिने माझं चालणं हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत. कपडे खुर्च्यांवर वाळायचे.

आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगमध्ये करंजाड्याच्या शेवंताबाई मासे विकायला येतात. मी मासे खात नाही, तरी त्या पाणी प्यायला माझ्याकडेच टेकतात. एकदा म्हणाल्या, "ताई, तुमी काय काचेच्या हाव? कर्नाळ्याला माजी जाऊ हाय. चला, भाकरी खाऊन येऊ."

डॉक्टरांना विचारलं. किल्ला नको, खालची वाट चालेल, गोळी जवळ ठेवा, म्हणाले. तुम्हालाही असं काही असेल तर आधी विचाराच.

गुरुवारी मासे कमी खपतात, म्हणून गुरुवार ठरला. पनवेल स्टँडवरून पेणची एसटी घ्यायची, अर्ध्या तासात कंडक्टर कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या दारात उतरवतो. बायकांना अर्धं तिकीट. पाणी स्टीलच्या बाटलीतून न्या, दारावर प्लास्टिक बघतात.

वाट सावलीची, चढ साधाच. तरी दहा मिनिटांत धडधड सुरू झाली. मी दगडावर बसले, जिभेखाली ठेवायची गोळी डाव्या मुठीत घेतली.

"परत जाऊ," मी म्हणाले.

"दुखतंय?"

"नाही. धडधडतंय."

"धडधडनारच, जित्या हाव ना." त्या शेजारी टेकल्या. "चाळीस वर्सं डोक्यावर टोपली हाय माज्या. आरोळी मधेच तुटली तर बसायचं. नाय तुटली तर चालायचं. मारा आरोळी."

"कसली?"

"बोंबील घ्या, मांदेली घ्या, कोलंबी घ्या."

उभ्या जन्मात मी बोंबलाला हात लावला नाही. पण ओरडले. आरोळी शेवटपर्यंत गेली, तुटली नाही. डॉक्टरांनी तरी दुसरं काय सांगितलं होतं? मी उठले.

पुढच्या वळणावर दुर्बीणवाले एक गृहस्थ वळून म्हणाले, "काकू, जरा हळू. पक्षी उडतील."

"उडू दे," शेवंताबाई म्हणाल्या, "त्यांना काय आमी इकतो?"

मग मी पुटपुटत चालले. बोंबील, मांदेली, कोलंबी. वाटेवरच्या बाकापर्यंत पोहोचले तेव्हा समोरच्या फांदीवर भृंगराज पक्षी होता, शेपटीची दोन लांब पिसं हलवत. आमच्या यजमानांचा पाय भरभर उचलायचा, पण वळणावर थांबून माझी वाट बघायचे. मी दोनदा पुढच्या वळणाकडे बघितलं. मग पाणी प्यायले.

शेवंताबाईंच्या जावेकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. जेवायचं असेल तर दाराजवळच्या घरांत सकाळीच सांगून ठेवा.

घरी येऊन डावी मूठ उघडली तर गोळीचा घामाने पांढरा लगदा झाला होता. डबीत नवी ठेवली. धडधड काही गेलेली नाही, जिना चढले की येतेच. आता मी तिला आरोळी मारून बघते.

दुसऱ्या दिवशी मी साडी धुतली आणि काठीने वरच्या दांडीवर वाळत घातली.