कुंद्यासारखं इख

शहापूरच्या आमच्या घरात विषाला तोटा नव्हता. निदान आक्काचं ऐकलं असतं तर कुणालाही तसंच वाटलं असतं. फडताळातला खव्याचा कुंदा विष, पितळी डब्यातले बेसनाचे लाडू विष, कोनाड्यातली खडीसाखर विष. आम्ही पोरं त्या दिशेला नुसती वळलो तरी आतून आवाज यायचा, "हात लावायचा न्हाय, इख हाय त्ये!" फारच रागावली की ती कानडीत शिरायची. मग "मुट्टबेडा!" एवढंच ऐकू यायचं, आणि हात आपोआप मागे यायचा.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलती. तिला मूलबाळ नव्हतं, पण घरातली सगळी पोरं तिच्याच हाताखाली वाढली. काका आणि माझे वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे ते जेवायलाच उठायचे. लुगड्यांच्या काठांपलीकडे त्यांना जग नव्हतं. त्यामुळे घरचं राज्य आक्काचं, आणि ते ती जोरात चालवायची.

तिच्या बाजूनं एक सांगायला हवं. ती खादाड नव्हती, कंजूष तर मुळीच नव्हती. तिचा सगळा जीव देवीच्या नैवेद्यात होता. आम्हा विणकरांच्या गल्लीत देवीचं लहानसं देऊळ होतं. खंडेनवमीला सगळे माग धुऊन-पुसून पूजले की देवळात हुग्गीचा, म्हणजे गूळ घातलेल्या गव्हाच्या खिरीचा, मोठा नैवेद्य व्हायचा. तो रांधायचा मान आक्काचा होता. त्या दिवशी गल्लीतली सर्वांत म्हातारी बाई पितळी पळी हातात घेऊन पायरीवर उभी राहायची आणि सगळ्यांसमोर विचारायची, "तोंड शुद्ध हाय न्हवं बाई? अंडं, मटण काय लागलं न्हाय न्हवं?" आमच्याकडे ते चालतच नव्हतं, पण विचारायची रीत होती. म्हातारीचा प्रश्न संपायच्या आत आक्का "न्हाय!" म्हणायची आणि पळी जवळजवळ हिसकावून घ्यायची. मग वर्षभर, दुसऱ्या कुणाची हुग्गी खाल्ली की तिच्या चेहऱ्यावर एक सोशिक भाव यायचा. तो पाहून रांधणाऱ्या बाईला भांडण परवडलं असतं.

म्हणून घरातलं गोडधोड पोरांनी उष्टं करू नये, यासाठी तिनं विषाची युक्ती काढली होती. युक्ती चांगली होती, फक्त आमच्यावर चालत नव्हती. आम्ही तिच्या पाठीमागे ते विष चाखलेलं होतं आणि ते उत्तम लागत होतं.

औषधाच्या बाबतीत तिची तऱ्हा नेमकी उलटी. एरंडेल पाजायचं असलं की आवाज लोण्याचा व्हायचा. "ये माझ्या राजा, मध हाय बघ." काढा असला तर, "गुळाचं पानी हाय, आ कर." थोडक्यात, आमच्या घरात गोड होतं त्याला विष म्हणत आणि तोंड वाकडं करणारं होतं त्याला मध. धाकट्या भावानं तर यावरून एक नियमच काढला होता. तेव्हा तो जेमतेम शाळेत जायच्या वयाचा झाला होता. त्यानं मला गंभीरपणे सांगितलं, "आक्का जेवढं वर ठेवती, तेवढं गोड आसतंय."

आता मोरचुदाचं सांगते. मागावर ताणा लावायच्या आधी सुताला खळ द्यावी लागते, म्हणजे पिठाची शिजवलेली पेज. पावसाळ्यात ही खळ आंबते, तिला बुरशी धरते, म्हणून तिच्यात थोडं मोरचूद टाकायची आमच्याकडे पद्धत होती. खळ चुलीवर शिजायची, चूल आक्काची, म्हणून मोरचुदाचा डबाही आक्काच्या स्वयंपाकघरात. निळे निळे खडे, दिसायला अगदी रंगवलेली खडीसाखर. डबा तिनं फडताळात सर्वांत वर ठेवलेला होता आणि आम्हाला बजावलंही होतं, "त्यो निळा डबा काढायचा न्हाय. इख हाय त्ये." एकूण एक शब्द खरा होता. पण खरं बोलायला तिनं जरा उशीर केला होता.

त्या वर्षी श्रावणात आई बाळंतपणाला सदलग्याला माहेरी गेली होती. जाताना तिनं धाकट्याचा हात आक्काच्या हातात दिला आणि म्हणाली, "आक्का, ह्यो तुमच्या पदरात." आक्कानं मान हलवली. त्यानंतर ती त्याला घटकाभरही नजरेआड होऊ देत नव्हती. पण भिजलेलं सूत वाळायला टाकायला एकदा ती माडीवर गेली, आणि तेवढं त्याला पुरलं.

मी परसातून आत आले तेव्हा तो पाटावर पाट रचून त्यावर उभा होता. डबा काखेत होता. मला पाहून त्यानं घाईघाईनं काहीतरी गिळलं. आक्काच आली असं त्याला वाटलं असणार. मग तो खाली उतरला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड रडण्याआधीचं झालं. ओठ निळसर हिरवे दिसत होते.

"आक्काला न्हाय सांगायचं," तो म्हणाला, आणि तिथंच ओकला. ओकारीही निळी होती.

मी जी किंकाळी फोडली ती ऐकून दोन्ही माग थांबले. आमच्या घरात माग थांबणं म्हणजे काय, ते विणकराच्या घरी राहिलेल्यालाच कळेल. मी त्याआधी तेवढी शांतता कधी ऐकली नव्हती. आक्का जिन्यावरून धावत आली, डबा पाहिला, आणि तिनं धाकट्याला उचलून छातीशी धरलं. वडील तसेच अनवाणी डॉक्टरांकडे पळाले.

ते परत आले ते एकटेच. डॉक्टर टांगा जुंपून निघत होते, पण तोवर काय करायचं ते त्यांनी वडिलांजवळ सांगून पाठवलं होतं: अंड्यातलं पांढरं दुधात फेटायचं आणि पोराच्या पोटात घालत राहायचं.

अंडं. आमच्या घरात. वडिलांनी तो शब्दसुद्धा दबक्या आवाजात उच्चारला. काकांनी भिंतीकडे पाहिलं. आक्का मात्र माझ्यावर ओरडली, "हुबी काय ऱ्हाईलीस? मागल्या गल्लीत कोंबड्या हायत, जा पळ!" मी पळाले आणि परकराच्या ओच्यात अंडी घेऊन आले. ज्या उंबऱ्यावर आक्का अंड्याच्या टरफलालाही येऊ देत नव्हती, त्याच उंबऱ्यात तिनं ती माझ्या ओच्यातून ओंजळीत घेतली आणि स्वतःच्या हातानं फोडली. पहिलं तर तिच्या बोटांतच फुटलं, कारण फोडायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं.

दूध तयार झालं. धाकटा काकांच्या मांडीवर मान टाकून पडला होता. मध्येच पोट धरून कळवळत होता. आक्कानं पेला त्याच्या ओठांना लावला. "पी रं राजा. गोड हाय."

त्यानं दात घट्ट मिटले.

"मध घातलाय बघ त्यात."

त्यानं मान फिरवली. गोड आहे म्हणून पाजलेलं एरंडेल त्याच्या चांगलंच ध्यानात होतं. वडिलांनी नाक दाबायला हात पुढे केला तर त्यानं अशी धडपड केली की अर्धं दूध सांडलं आणि त्याला पुन्हा उलटी झाली. आक्का काकुळतीला आली. "इख न्हाय त्ये, माझ्या सोन्या, देवीशपथ न्हाय." देवीची शपथसुद्धा वाया गेली. तो तिच्याकडे बघतच नव्हता. एवढी माणसं भोवती, औषध हातात, आणि ते चार बोटं आत जात नव्हतं, कारण घरातल्या एकाही माणसाच्या शब्दावर त्या पोराचा विश्वास नव्हता. मला तेव्हा फार भीती वाटली. तो मरणार असं मला वाटलं.

आक्का मागे सरून बसली. पदरानं तोंड पुसलं. आणि मग तिचा तो लोण्याचा आवाज गेला आणि नेहमीचा खरखरीत आवाज आला.

"न्हाय गोड," ती म्हणाली. "अंडं हाय त्यात. लई वंगाळ लागंल. पन ह्ये प्यालास तरच बरा व्हशील."

धाकट्यानं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाला, "आदी तू पी."

काका काहीतरी बोलणार होते. त्यांच्या तोंडून "अगं, खंडेनवमी..." एवढंच बाहेर पडलं. आक्कानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिनं पेला उचलला आणि घोट घेतला. नुसता ओठाला लावला नाही, चांगला घोट घेतला आणि गिळला. तिचा चेहरा असा झाला की दुसरी कुठली वेळ असती तर आम्ही लोळून हसलो असतो.

"कसं हाय?" धाकट्यानं विचारलं.

"वंगाळ," आक्का म्हणाली.

त्यानं आ केला.

डॉक्टर आले तोवर तो बरंच दूध प्याला होता, काही ओकला होता आणि पुन्हा प्याला होता. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, बराच वेळ बसून राहिले आणि मग म्हणाले की पोरगं हाताला लागलं. त्यानंतर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मोरचूद स्वयंपाकघरात कुणी ठेवलं, असं विचारलं. "मी," आक्का म्हणाली. पोरांना हे विष आहे म्हणून कधी सांगितलं नव्हतं का, असं विचारलं.

"सांगितलं हुतं की," आक्का म्हणाली. "रोजच सांगत हुते." आणि मग पदर तोंडाला लावून ती अशी रडली की डॉक्टरच बावरले.

धाकटा उठून बसायला लागला तशी आक्कानं आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात पंगतीसारखं बसवलं आणि फडताळातला एकेक डबा खाली काढला. "ही खडीसाखर. गोड हाय. देवीची हाय म्हनून द्यायची न्हाय. ह्यो कुंदा. ह्यो बी गोड हाय. पावण्यांचा हाय. खाल्लासा तर हात मोडीन, पन मरणार न्हाय तुमी. आनि ह्ये मोरचूद. ह्ये इख हाय."

धाकट्यानं विचारलं, "खरं इख? का कुंद्यासारखं इख?"

"खरं," आक्का म्हणाली, आणि त्या एका शब्दानंतर आमच्यापैकी कुणीही त्या डब्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. डबा मागाच्या खोलीतल्या कुलपाच्या पेटीत गेला आणि किल्ली तिच्या कमरेला आली. एरंडेलाच्या दिवशी आता "घान हाय, नाक धर" एवढंच सांगितलं जाई, आणि आम्ही नाक धरून पीत असू.

या खरेपणाचा घरच्या मोठ्यांना मात्र ताप झाला. एकदा सुरू झालेली आक्का थांबेना. आई बाळाला घेऊन सदलग्याहून आली तर आक्का बाळाकडे निरखून म्हणाली, "नाक तुज्यावर गेलंय. बसकं हाय." आई दोन दिवस बोलली नाही. पण धाकटा ऐकत होता, आणि तो ऐकत असताना आक्का खोटं बोलत नव्हती.

असं करत करत खंडेनवमी आली. घरात त्या दुधाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. वडिलांनी आदल्या दिवशी हळूच सांगून ठेवलं होतं, "वहिनी, औषध म्हनून घेतल्यालं त्ये खानं न्हवं. मनात आनू नगासा." गल्लीत तर कुणालाच पत्ता नव्हता. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून देवळाच्या पायरीशी उभी राहिली. धाकटा तिचा पदर धरून तिच्या शेजारी.

म्हातारीनं पळी पुढे केली. "तोंड शुद्ध हाय न्हवं बाई? अंडं, मटण काय लागलं न्हाय न्हवं?"

नेहमीचं "न्हाय!" आलं नाही. आक्कानं खाली पाहिलं. धाकटा तिच्याकडे मान वर करून बघत होता. त्याच्या नजरेत काही दटावणी नव्हती, तो नुसता ती काय म्हणते ते ऐकायला उभा होता.

"लागलंय," आक्का म्हणाली. "अंडं. एकदा."

बायकांत कुजबुज झाली. म्हातारीनं पळी हातात तशीच धरून ठेवली, मग शेजारच्या घरच्या सुनेला दिली. मला त्या म्हातारीचा इतका राग आला की प्रसादच खाऊ नये असं वाटलं. आक्का मागे आली आणि आम्हा पोरांच्या ओळीत मांडी घालून बसली. इतक्या वर्षांत ती पंगतीला बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. काय करावं हे तिच्या हातांना कळत नव्हतं, म्हणून तिनं ते मांडीवर ठेवले होते.

हुग्गी शिजली आणि पत्रावळीवर आली. धाकट्यानं तिला हात लावला नाही. आक्कानं पहिला घास घेऊन सावकाश गिळला, तोवर तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "आक्का, गोड हाय?"

आक्कानं जरा विचार केला.

"हाय," ती म्हणाली. "पन गूळ कमी पडलाया."

धाकट्यानं मान हलवली आणि खायला सुरुवात केली. मी पण खाल्लं. गूळ खरंच कमी होता.