ध्रुवतारा चाळीस अंशांवर

आमच्या कॉलेजात खगोलशास्त्र आलं तेव्हा दुर्बीण आली नाही, पासवर्ड आला. ऑनलाइन गृहपाठ! माउसनं चंद्र ओढायचा, ग्रह फिरवायचे. बरोबर आलं की हिरवी खूण. चुकलं की लाल फुली आणि वर समजूतदार सूचना : 'धडा पुन्हा पाहा.' मला प्रशिक्षणही दिलं, दोन दिवस, पडदे ओढलेल्या एसी खोलीत. आकाश शिकवायला खिडकी लागत नाही, हे ज्ञान मला तिथंच झालं.

अंतर्गत गुण सगळे याच पोर्टलवर. त्यात नापास, तर परीक्षेला बसता येत नाही. पण आमची ऊर्जानगरची पोरं भलती हुशार. एकानं गृहपाठ सोडवायचा, उत्तरांचा फोटो ग्रुपवर टाकायचा, की तासाभरात वर्गाला पैकीच्या पैकी. प्राचार्य खूश, मी खूश. त्या ग्रुपवर मीही होतो.

एकटी एक पोरगी लाल. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावची, इथं होस्टेलवर राहणारी. मोहाच्या दिवसांत आईला फुलं वेचू लागायला घरी गेली आणि तिथून, नाल्यावरच्या पुलावर उभं राहून जेवढी रेंज मिळेल तेवढ्यात, गृहपाठ केला. प्रश्न सोपा होता : 'तुमच्या आकाशात ध्रुवतारा किती उंच दिसतो, तिथे ओढून ठेवा.' उत्तर चाळीस अंश. हिनं वीस टाकलं. एकदा नाही, तीनदा. तीन संधी संपल्या, कुलूप लागलं. नापास झाली तर घरी बसायचं, हे तिच्या बापानं आधीच बजावून ठेवलं होतं.

ती परत आल्यावर मी बोलावून झापलं. "ग्रुपवर फोटो होता ना? काऊन नाई पाहिला?"

विज्ञानाचा मास्तर हे विचारत होता, बरं का!

"पाहिला सर. पण त्या धड्यातच हाय ना, हात लांब करून मूठ धरली का दहा अंश. पहाटे मोहं वेचाले गेलो तवा मोजलं. दोनच मुठी भरल्या. मायले बी मोजाले लावलं."

"मग दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा तरी बदलायचं!"

"तीनदा मोजलं सर."

मला असा संताप आला! एवढीशी पोर मला आकाश शिकवते. संध्याकाळी दिवस बुडाल्यावर क्वार्टरच्या गच्चीवर गेलो. हा धडा मी कितीदा तरी शिकवला होता, मूठ मात्र एकदाही वर केली नव्हती. वीज केंद्राच्या चिमण्यांच्या धुरातून ध्रुवतारा कसाबसा सापडला. हात ताणला. बायको दोरीवरचे कपडे काढायला आली होती. म्हणाली, "कोणाले बुक्की दाखवून राह्यले?"

दोनच मुठी भरल्या. पुन्हा मोजलं, पुन्हा दोनच. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो आणि पुसतो. आपण विसावर, पोर्टल बनवणारे कुठंतरी परदेशात, चाळिसावर. 'तुमच्या आकाशात' म्हणजे त्यांच्या आकाशात, एवढंच लिहायचं त्यांचं राहून गेलं होतं.

पोर्टलवाल्यांना लिहिलं. उत्तर मोठ्या तत्परतेनं आलं : 'तपासले. प्रणालीतील उत्तर बरोबर आहे. विद्यार्थिनीस एक जादा संधी देण्यात येत आहे.' गुण हातानं भरू द्या म्हणून प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, गुण थेट विद्यापीठात जातात, माझ्या हातात काय आहे? आता आकाश तर बदलत नाही ना तुमच्यासाठी? मग तिचं उत्तर बदला."

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये बसली, मी शेजारी उभा. तिला सगळं सांगितलं : तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. ती हसली, बरं वाटलं तिला. मग माउसवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली.

"सर, खरं टाकू का पास होऊ?"

आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तिचा बाप डोळ्यांपुढे आला.

"पास हो," म्हणालो.

तिनं ध्रुवतारा उचलला आणि चाळीसवर नेऊन ठेवला. माझ्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला, आणि त्यात जे एक बरोबर उत्तर होतं, तेही उरलं नाही.