रंगवलेली अर्धी पट्टी

शीतल सावे यांच्या कंत्राटाची मुदत एप्रिलअखेर संपणार होती आणि ती वाढवायची की नाही, हे या एका तासावर ठरणार होते. तपासणीला आलेले रमाकांत राऊत मागच्या बाकावर, मुलांच्या शेजारीच बसले होते.

वाणगावकडच्या खेड्यातून डी.एड. होऊन सिल्वासात आलेल्या शीतलबाईंनी तपासणीची रीत पहिल्याच वर्षी उचलली होती. पुढच्या बाकांवरची मुले आधी तयार करायची आणि प्रश्न त्यांनाच विचारायचे. सममूल्य अपूर्णांकांसाठी ‘वर-खाली दोनने गुणा’ हे वर्गाने घोकून ठेवले होते. फळ्यावर एक छेद दोन बरोबर दोन छेद चार असे लिहिताच पुढचे हात वर झाले.

तेवढ्यात राऊतांनी शेजारच्या गुड्डीला विचारले, यातला मोठा कोणता. धाग्याच्या कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी वर्गात क्वचितच तोंड उघडे.

“दोन छेद चार,” ती म्हणाली. “वर पण डबल, खाली पण डबल. मग मोठंच होणार ना, सर?”

पुढे कोणीतरी फिसकन हसले. शीतलबाईंनी पुढच्या बाकाकडे बोट दाखवले असते तर पाठ सावरला असता. हात उठलाही, पण गुणले की वाढते, हे या मुलीला त्यांनीच शिकवले होते.

हात खाली आला. त्यांनी कागदाची पट्टी मधोमध दुमडून अर्धी रंगवली आणि गुड्डीला पुन्हा दुमडायला सांगितले. गुड्डीने घडी घातली, उलगडली, मोजले. चार भाग, दोन रंगीत. ती पट्टी पुन्हा पुन्हा न्याहाळू लागली. राऊतांनी घड्याळ पाहिले. जिभेवर आलेले उत्तर शीतलबाईंनी ओठ मिटून अडवले.

“रंग तर तेवढाच राहिला, मॅडम,” गुड्डी अखेर म्हणाली. “भाग बारीक झाले.”

“आणखी एक घडी घातली तर?” राऊतांनी विचारले.

“आठातले चार.” तिने पट्टीकडे पाहिलेही नाही. “रंग कशाला वाढेल, सर?”

घंटा झाली. योजलेल्या उदाहरणांपैकी एकही सुटले नव्हते.

“शेरा ‘पाठ अपूर्ण’ असाच लिहावा लागेल, बाई,” राऊत दाराशी म्हणाले. मग आवाज उतरवून, “मुदतवाढीला माझी हरकत नाही.”

शीतलबाई वर्गात परतल्या, तेव्हा पुढच्या बाकांवरची मुले मागे वळून गुड्डीकडे पट्टी मागत होती.