तीन जिल्ह्यांना एक क्लोटील

मिस क्लोटील गिलरी बसून जेवल्याचं मला आठवत नाही. एका हातात सॉसेज, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. अठ्ठावीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली आणि मग आमच्या ऑफिसात आल्या. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस आम्ही लढवतो. लुइझियानाच्या या कोपऱ्यातल्या तीन जिल्ह्यांत आमच्याकडे तपास करणारं माणूस एकच, मिस क्लोटील. सरकारी वकिलाच्या पाठीशी शेरीफचं अख्खं पोलीस खातं आणि प्रयोगशाळा.

"त्यांच्याकडे कुत्रासुद्धा पगारी आहे," त्या म्हणायच्या.

त्या सोमवारी त्या आठवडाभर दुसऱ्या जिल्ह्यातल्या खटल्यात अडकून परतल्या होत्या. दारातूनच ओरडल्या, "रेनार्डचं काय?"

रेनार्ड सॅव्हॉय फ्रीझर दुरुस्त करणारा. एका मंगळवारी संध्याकाळी सहाला दुकान फोडून जनरेटर चोरल्याच्या आरोपावरून तो चार महिने तुरुंगात होता. त्याच वेळी तो युला जेन्टी या म्हातारीच्या घरी फ्रीझर उघडून बसला होता, असं त्याचं म्हणणं. त्याच दिवशी दुपारी दीड वाजता खटला उभा राहणार होता.

वकील नेथन प्रुईट मान खाली घालून म्हणाला, "गुरुवारी मी तिच्याकडे जाऊन आलो. सहाच्या बातम्या चालू होत्या म्हणाली. मी लिहून घेतलं."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. तुम्ही नव्हतात, मिस क्लोटील."

"अरे देवा! एवढं शिकलास कशासाठी, पोरा?"

साक्षीदाराकडे वकिलाने एकट्याने जायचं नसतं. तो उलटला, तर ज्याने ऐकलं त्यालाच साक्षीला उभं राहावं लागतं. आणि साक्ष देणाऱ्याला मग ती केस लढवता येत नाही. नेमकं तेच झालं होतं. शनिवारी शेरीफची दोन माणसं युलाकडे गेली. बातम्या पाचलाही असतात ना आजी, असं ती दोघं म्हणाली. म्हातारी म्हणाली, असतील बाबा, पाचच्या असतील. नवा जबाब सकाळीच आमच्या टेबलावर आला होता.

"मी साक्षीला उभा राहिलो तर त्याला नवा वकील मिळेपर्यंत आणखी कितीतरी महिने आत," नेथन म्हणाला. "आणि सरकारी वकील म्हणतोय, गुन्हा कबूल केला तर झालेली कैद धरून आजच घरी."

मिस क्लोटीलनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा. मग फोन सांभाळणाऱ्या माझ्याकडे. "ऊठ. फोन वाजू दे. दोघी लागतात."

वीस मैल त्या बस चालवल्यासारख्याच सुटल्या. युला दारातच रडायला लागली. "मी काय केलं गं त्याचं? ते म्हणाले पाच, तुमचा वकील म्हणाला सहा. मी काय घड्याळ आहे?"

"नाहीस. घड्याळ मरू दे. त्या दिवशी जेवलीस काय?"

मी चमकून पाहिलं. कोर्ट दीडला, आणि ह्या जेवण विचारतायत!

"मी कुठली शिजवतेय? चर्चची गाडी आणते ना डबा. भात नि रस्सा होता. रस्सा खारट."

"डबा घेतला कोणी?"

"रेनार्डनंच. फ्रीझरमधलं माझं सगळं मासळीचं सामान मी कवटाळून उभी होते. मीच म्हटलं, तू कर रे सही."

मिस क्लोटील गाडीकडे निघाल्यासुद्धा. मी ते सगळं लिहून काढलं, युलाला वाचून दाखवलं, तिनं सही केली, खाली माझी. तोवर बाहेर हॉर्न वाजायला लागला होता.

चर्चच्या स्वयंपाकघरात डब्यांची यादी फाइलला लावलेली सापडली. मंगळवार, तारीखही तीच. युला जेन्टी. पोचला सहा वाजून पाच. समोर रेनार्डची वाकडी सही. चर्चच्या बाईंनी नक्कल दिली, अस्सल कागद कुलपात ठेवला. एक वाजून दहा मिनिटं. कोर्टात फोन आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे नेथनला कळवायची सोय नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेदोन.

कोर्टामागच्या खोलीत रेनार्ड नारिंगी कपड्यांत बसला होता. नेथन उभा. "त्यानं कबूल केलं," तो म्हणाला. "दहा मिनिटं झाली."

मिस क्लोटीलनी नक्कल टेबलावर ठेवली. रेनार्डने सहीवरून बोट फिरवलं. "ही माझीच."

"शिक्षा तीनला वाचतील," नेथन घाईघाईने म्हणाला. "तोवर कबुली मागे घ्यायचा अर्ज करता येतो."

"मग आज घरी?"

"आज नाही."

"कधी?"

"माहीत नाही. न्यायाधीश अर्ज मंजूर करतील की नाही, तेही माहीत नाही."

रेनार्डने मिस क्लोटीलकडे पाहिलं. "तुम्ही काय केलं असतं?"

"मला विचारू नकोस. मी आज माझ्या घरी झोपणार आहे."

पहारेकऱ्याने दारावर बोटं वाजवली. रेनार्डने नक्कल उचलून पुन्हा सहीकडे पाहिलं.

"लोक मला स्वयंपाकघरापर्यंत आत घेतात," तो शेवटी म्हणाला. "बाई एकटी असते, पाकीट ओट्यावर असतं. चोराला कोण बोलावील फ्रीझर उघडायला?" त्यानं कागद नेथनकडे सरकवला. "लिहा. पण लवकर. पाच मिनिटांनी विचारलंत तर मी घरी म्हणेन."

नेथनला पेन सापडेना. मिस क्लोटीलनी स्वतःचं दिलं, आणि तो लिहीत असताना त्या पहिल्यांदाच, रेनार्डशेजारी, खुर्चीत बसल्या.