अण्णांचा ट्रॅप

शिवलिंगअण्णा सांडपाणी जपून ठेवायचे. मशीनमधून वाया जाणारे चार थेंब इवल्याशा बाटलीत धरायचे, वर नाव आणि तारीख घालायचे आणि निकाल हाती येईपर्यंत ती बाटली फ्रीजमधून हलवू द्यायचे नाहीत. आम्ही संशोधक मंडळी पाठीमागे हसायचो. मी जरा जास्तच.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे, सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. पहिल्याच दिवशी मी विचारले, नमुन्यातले रेणू वेगळे करायला कॉलमची लांब नळी आहे, त्यांचे वजन करायला यंत्र आहे, मग त्याआधी ही बोटाएवढी नळी, हा ट्रॅप, कशाला?

"तडी, तडी," ते म्हणाले. कानडीत थांब. "नमुन्यात मीठ असतंय, घाण असतीय. ट्रॅप आपल्याला पायजे ते धरून ठेवतो, बाकीचं पाण्यासंगं जाऊ देतो. मग द्रावण बदललं की धरलेलं पुढं सोडतो. पाय धुतल्याबिगर घरात घेत न्हाय बग."

माझा नमुना डाळिंबाच्या एका झाडाचा होता. मोहोळकडच्या एका बागेत सगळीकडे तेल्या रोग पडला, हे एकच झाड निरोगी राहिले. का, ते मला शोधायचे होते. मी पाने आणली, त्यांतल्या प्रथिनांचे तुकडे तयार केले. तोवर मालकाने वैतागून सगळी बाग उपटली, त्या झाडासकट. उरली ती माझ्याजवळची थेंबभर कुपी.

ती सगळी मशीनला लावली आणि पडद्यावर नुसती सपाट रेघ.

"कशात विरघळवलंस?" अण्णांनी विचारले.

"निम्मं पाणी, निम्मं ॲसिटोनायट्राइलचं द्रावण. लवकर विरघळावं म्हणून."

"अगं, त्येनंच तर ट्रॅपवरचं सुटतंय! चिकटायच्या आदीच धुऊन काढलंस की."

मी रडकुंडीला आले. अण्णा फ्रीजकडे गेले आणि माझ्या नावाची बाटली घेऊन आले; ट्रॅपवरून वाहून गेलेले सगळे तिच्यात होते. तिच्यातले ॲसिटोनायट्राइल उडवून, उरलेले पाण्यात घेऊन आम्ही पुन्हा चढवले. तासाभरात पडद्यावर शिखरे उगवू लागली. मी त्यांच्या पाया पडले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "टाकायच्या आदी बगावं, येवढंच."

पुढे माझा प्रबंध झाला, पदवी मिळाली. दोन वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. भाषणे झाली, चहा झाला. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले.

"एक इचारू? त्या झाडात निघालं काय शेवटी?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतकी वर्षे त्यांनी सगळ्यांचे नमुने मशीनवर चढवले, पण निकाल त्यांना कुणी सांगितला नव्हता. मीसुद्धा नाही. तिथेच खुर्च्या ओढून मी सगळे सांगितले. रोगट झाडांत अगदी कमी असलेले एक प्रथिन त्या झाडात भरपूर होते. अण्णांनी प्रश्न विचारून मला भंडावून सोडले.

"लई भारी! मग बागवाला काय म्हणाला?"

"त्यांना... अजून सांगितलं नाही."

अण्णांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. "चल, गाडी काढ. मोहोळ काय लांब हाय?"