आत्याच्या फोटोतली गुलाबी झाक

घरी छापलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोत कुठल्याही रंगाची झाक दिसली की माझं डोकं फिरतं. प्रिंटर करडा रंग काढतो तो सगळ्या शाया मिसळून, आणि त्यातली एखादी जरा जास्त पडली की चांगला माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. निवृत्तीनंतर मला हे एकच वेड लागलंय. बिघडलेला फोटो मी तिथल्या तिथे फाडून टाकतो.

मागच्या उन्हाळ्यात आत्यानं तिचा एक जुना काळा-पांढरा फोटो मोठा करून मागितला. ती ब्राह्मणपाऱ्यात एकटी राहते. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मग ती मुलींच्या शाळेत शिकवायला लागली, आणि पांढऱ्या लुगड्याशिवाय तिच्या अंगावर दुसरं काही मी कधी पाहिलेलं नाही. फोटो नोकरीच्या सुरुवातीचा होता, शाळेच्या पायऱ्यांवर उभी असतानाचा. तिच्या विद्यार्थिनी रविवारी सत्काराला घरी येणार होत्या, तेव्हा तो भिंतीवर असावा असं तिच्या मनात होतं.

छापलेला फोटो दिवसाउजेडी पारखावा, हे मी भेटेल त्याला ऐकवत असतो. म्हणून गॅलरीत जाऊन बसलो. फोटो दर वेळी हिरवट दिसे. मी गुलाबी शाई वाढवत गेलो, कागद फाडत गेलो, प्रिंटरला नाही नाही ते बोललो. शेवटी एकदाचा करडा रंग करडा दिसला. चौबे कॉलोनीतल्या इतर घरांसारखी आमच्याही गॅलरीला उन्हासाठी हिरवी जाळी लावलेली असते आणि तिच्यातून येणारा उजेडच हिरवा असतो, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

फोटो फ्रेम करून पाठवला. शनिवारी मी सहज तिच्याकडे गेलो, तर दारातून येणाऱ्या स्वच्छ उजेडात तो समोरच्या भिंतीवर. लुगड्याच्या निऱ्यांवर, पदरावर, गालांवर गुलाबी झाक! उद्या एवढी माणसं येणार, आणि मी सगळीकडे शेखी मिरवलेली.

"बरा दिसते न रे?" आत्या म्हणाली. ती पलंगावर बसून फोटोकडेच पाहत होती.

"बरा कसला, सगळा चुकलाय. उद्या दुसरा आणतो." मी फ्रेम उतरवली, फोटो बाहेर काढला आणि सवयीनं टराटरा फाडला.

"फाडला काहून?"

तिच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. मी तिला जाळी, उजेड, शाई असं सगळं समजावून सांगितलं.

"हव का? मले वाटलं, तू मुद्दाम केलं," ती म्हणाली. "मले गुलाबी लुगडं नेसवलं. सकाळी चहा घेता घेता पाहतच बसत होती मी."

माझ्या हातात तुकडे होते. ते कुठे ठेवावेत तेही मला सुचेना.

"आत्या, तसाच पुन्हा काढून देतो. आत्ता घरी जातो."

"नको." तिनं पदर उगीचच सारखा केला. "तू आपल्या मनानं केलं म्हणून बरं वाटलं. आता मी मागितल्यासारखं होते. या वयात मी गुलाबी मागते, असं कोणाले सांगू नको बाबा."

ती माझ्याकडे बघत नव्हती. चूक माझी होती आणि ओशाळली होती ती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रविवारी मी फक्त काळ्या शाईत छापलेला फोटो नेला. गच्चीवर, उघड्या आभाळाखाली नीट पारखून घेतलेला. विद्यार्थिनी आल्या, त्यांनी फोटोचं कौतुक केलं. आत्या एकेकीला हाताला धरून त्याच्यासमोर नेत होती.

"माझ्या भाच्यानं छापला," ती सांगत होती. "पहा, रंगाचं नाव नाही कुठं."

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. कप भरून झाले तरी माझा पाय बाहेर पडेना.