बर्फात काढलेले बूट

ओमानमधल्या जबल शम्स डोंगरावर आयुष्यातला पहिला बर्फ दिसला, तेव्हा देवळाची पायरी आल्यासारखे मी बूट-मोजे काढले आणि अनवाणी चालत सुटले. वर हात जोडले ते वेगळंच. पन्नाशी उलटली होती, म्हणजे वय लहान होतं म्हणायचीही सोय नाही. नात विचारते, "आजी, बट व्हाय?" तेव्हाच्या त्या बयेच्या वतीने आता मी काय उत्तर देणार!

मला तिथवर नेलं होतं मस्कतच्या अझैबा भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वसईच्या बाईने. तुम्ही तिला आधी ऐकलं असतं, मग पाहिलं असतं. जिन्यात धापा टाकत कुणी टेकलं, की वरून आवाज यायचा, "यल्ला, चला! बसलात की संपलात!" हॉटेलची लाँड्री ती याच वाक्यावर चालवायची. हिवाळ्यात दर शुक्रवारी बिल्डिंगमधल्या आम्हा बायकांना डोंगरावर हाकायची, तेही याच वाक्यावर. चकल्यांचा डबासुद्धा उभ्याने उघडायचा.

तिची इच्छा एकच. बर्फ असताना शिखरावर उभं राहायचं. दर हिवाळ्यात वर बर्फ पडल्याची बातमी यायची, आणि सुट्टी मिळवून आम्ही पोहोचेपर्यंत नुसता चिखल. "मस्कतात राहून बर्फ मागते, लोभी आहे गो मी," म्हणायची. त्या वर्षी तिची नोकरी संपली. आठवड्याने ती कायमची वसईला निघणार होती, आणि नेमका बर्फ टिकला.

शिखर समोर दिसायला लागलं, तेव्हाच माझी भक्ती उफाळली. थोड्या वेळाने मी आनंदाने जाहीर केलं, "अगं, पाय दुखायचे थांबले!" तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. पांढरीफटक पडली होती.

"बूट कुणी काढले हिचे?"

"मीच. पहिला बर्फ ना, बुटांनी तुडवायचा कसा?"

"मग अनवाणी काय उडत होतीस?"

बाकीच्यांना तिने वर पिटाळलं. मग कुणाला बसू न देणारी ती बाई एका दगडावर बसली, जाकिटाची चेन ओढली, स्वेटर वर केला आणि माझे दोन्ही पाय उघड्या पोटाला लावून घेतले. दचकली. एक खणखणीत शिवी दिली आणि मग बराच वेळ "येशू, येशू" करत राहिली. वरून मैत्रिणी हात हलवत होत्या. तिने एकदाच मान वळवून पाहिलं. माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या तोवर ढग उतरले होते, शिखर दिसेनासं झालं होतं. आम्ही खाली वळलो.

आठवडाभर मी जिन्यात तिला टाळत होते. विमानतळावर ती ट्रॉलीवर बॅगा चढवत असताना शेवटी धीर करून म्हटलं, "तुझं शिखर राहिलं ते माझ्यामुळे."

बॅग न सोडताच ती म्हणाली, "शिखराचं काय घेऊन बसलीस, बाय? तुझे पाय पोटाला लावले ना, तेवढा बर्फ मला वसईत मरेपर्यंत पुरेल."